८ बाय ४२ दुर्बीण, लून आणि माझे सासरे: दीड वर्ष वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. पाण्यात बुड्या मारणारे पक्षी बघायचे असतील, त्यातही लून, तर ८ बाय ४२ घ्या (पहिला आकडा पॉवरचा, म्हणजे किती पट मोठं दिसतं; दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये), १२ बाय ५० च्या नादाला लागू नका. मी लागले होते. पैसे गेले ते गेले, वर एक अख्खा उन्हाळा पाण्याकडे बघून "कुठे गेला, कुठे गेला" करण्यात गेला.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या दीडशे-दोनशे डॉलरच्या रेंजमधल्या दुर्बिणी मला तरी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात, फक्त रबराचा रंग वेगळा. त्यामुळे मी जे लिहितेय ते या साइजबद्दल समजा, अमुक कंपनीबद्दल नाही.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो. इथे कॉमन लून हा राज्यपक्षी आहे, १९६१ पासून, आणि टीशर्टपासून दारातल्या पायपुसण्यापर्यंत सगळीकडे तो असतो. काळं डोकं, लाल डोळा, गळ्यात पांढऱ्या रेघांची माळ, पाठीवर पांढऱ्या चौकटी जसा काही बुद्धिबळाचा पट. त्यामुळे मला वाटायचं की हा ओळखायला काय लागतं, पायपुसणं बघितलंय की रोज! पहिल्या जूनमध्ये नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या तलावाकाठच्या केबिनवर, म्हणजे सुट्टीतल्या घरी, गेलो तेव्हा सेलमध्ये घेतलेली १२ बाय ५० गळ्यात अडकवून मी पहाटे डॉकवर जाऊन बसले. लून होता. साधारण दीडशे मीटरवर होता. मी दुर्बीण लावली, फोकस केला, आणि फोकस होईपर्यंत साहेब पाण्याखाली. मग मी दुर्बीण डोळ्याला तशीच लावून त्या जागेकडे बघत बसले, आणि तो निघाला भलतीकडे, उजव्या हाताला लांब, हे मला नवऱ्याने मागून ओरडून सांगितलं. तिकडे वळवेपर्यंत परत गायब. असं तासभर. हात भरून आले, डोकं दुखायला लागलं, आणि पक्षी मी एकूण मिळून दहा सेकंद नीट बघितला असेन.

तेव्हा वाटलं आपल्यालाच जमत नाहीये. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं भानगड काय आहे. माझ्या १२ पॉवरच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण ९५ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, नवीन ८ पॉवरवालीतून साधारण १४० मीटर. म्हणजे दीडशे मीटरवरच्या पक्ष्याभोवती एकीत चौदा मीटर पाणी दिसणार आणि दुसरीत एकवीस. सात मीटर ऐकायला कमी वाटतात, पण बुडी मारणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत दिसला आणि नाही दिसला यातला फरक तेवढाच असतो. शिवाय १२ पॉवर म्हणजे हाताची थरथरही १२ पट, आणि डॉक लाटेने हलत असेल किंवा तुम्ही कयाकमध्ये असाल तर मग विसराच. दुकानात भिंतीवरची पाटी वाचून बघतो ना आपण, तिथे मोठा आकडा भारी वाटतो, कारण पाटी बुडी मारत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. पुढच्या भिंगाच्या आकड्याला पॉवरने भागा, जे येतं तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्याला मिळतो. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. ५० भागिले १२ म्हणजे चारच्या जरासं वर. म्हणजे भिंग मोठं, वजन जास्त, आणि संध्याकाळी चित्र उलट अंधारं! आणि लून बघायची, त्याहून ऐकायची, खरी वेळ पहाट आणि तिन्हीसांजच, त्यामुळे हा सव्वापाचचा आकडा मला तरी फार कामाचा वाटला. सूर्य बुडाल्यावरही अर्धा तास मी पाठीवरच्या चौकटी बघू शकते.

आता एक युक्ती, जी कुठल्याच बॉक्सवर लिहिलेली नसते. लूनने बुडी मारली की दुर्बीण खाली घ्या. डोळ्याला लावून ठेवू नका. नुसत्या डोळ्याने अख्खं पाणी बघत राहा, मनात आकडे मोजा (मी मोजलेल्या बुड्या बहुतेक चाळीस ते पन्नास सेकंदांच्या होत्या, एकदा जास्त पण झाली), आणि वर आला की त्याच्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यापर्यंत आणा. डोकं खाली घालून दुर्बीण शोधलीत की गेला. हे जमायला मला दोन वीकेंड लागले आणि ८ पॉवरमध्येच जमलं, कारण तेवढ्या रुंद तुकड्यात पक्षी कुठेतरी सापडतोच.

आता सासऱ्यांकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे झाली.

ऑक्टोबरमध्ये बाबा आले होते आमच्याकडे. त्यांना घेऊन मिल लॅक्स लेकला गेलो, हा तलाव म्हणजे समुद्रच आहे, पलीकडचा काठ नीट दिसत नाही, आणि शरदात दक्षिणेकडे निघालेले लून इथे जमतात. मी गाडीतच बाबांना लूनवर अर्ध्या तासाचं लेक्चर दिलेलं. काठावर उतरल्या उतरल्या लांब पाण्यात एक काळपट पक्षी, अंग अर्धं पाण्यात, मान वर. मी म्हटलं, "बाबा, तो बघा लून!" बाबांनी दुर्बीण घेतली, चष्मा वर केला, परत खाली केला, मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा तर पाणकावळा."

मी म्हटलं बाबा, इथे आपले पक्षी नसतात. ते म्हणाले, "पक्षी नसेल आपला, पण बसायची पद्धत तीच आहे. चोच वर करून बसलाय बघ, आणि टोकाला आकडा आहे."

आणि होता! डबल-क्रेस्टेड कॉर्मोरंट, म्हणजे पाणकावळ्याचाच भाऊबंद. मी दुर्बीण घेऊन परत बघितलं तर वाकडी चोच, तोंडाजवळ नारिंगी कातडी, मागे लांब शेपटी, सगळं स्वच्छ दिसत होतं, मी फक्त बघितलं नव्हतं. थोड्या वेळाने तो एका खांबावर जाऊन पंख पसरून उभा राहिला, तेव्हा तर बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की बास. लून असा खांबावर चढून पंख वाळवत कधीच उभा राहणार नाही. त्याचे पाय इतके मागे, पार शेपटीपाशी असतात की जमिनीवर त्याला धड चालताही येत नाही, घरटंसुद्धा पाण्याला चिकटून करतो म्हणजे घसरत वर चढता येईल. पोहायला ती रचना झकास, बाकी सगळीकडे पंचाईत. उडायलासुद्धा पाण्यावरून बरंच अंतर धावावं लागतं, आणि कधीकधी पावसात ओलं पार्किंग लॉट वरून तलावासारखं दिसतं म्हणून बिचारा तिथे उतरतो आणि मग तिथून उडताच येत नाही.

त्या दिवसापासून मी रंग बघणं सोडलं. खरंच सोडलं. कारण रंगाचा लूनच्या ओळखीत उपयोग उन्हाळ्याचे चार महिने, आणि तेव्हा तो पायपुसण्यावरूनही ओळखता येतो. ऑक्टोबरात त्याचा तो काळापांढरा सूट उतरायला लागतो, आधी चोचीभोवतीचा चेहरा पांढुरका होतो, मग हळूहळू अख्खा पक्षी वरून राखाडी खालून पांढरा, डोळ्याची लालीही जाते. मग पाण्यावर जो दिसतो तो कुठलाही राखाडी पक्षी असू शकतो. तेव्हा बघायची ती ठेवण. लूनची चोच सुरीसारखी सरळ आणि जाड, बहुतेक वेळा पाण्याला समांतर धरलेली. कपाळ एकदम चढ असल्यासारखं, कधी त्यावर टेंगूळ. मान जाड. बुडी मारतानाही बघा, कॉर्मोरंट आधी छोटीशी उडी मारल्यासारखा उसळतो आणि मग खाली जातो, लून बहुतेक वेळा नुसताच पुढे झुकून सरकतो, पाण्यावर फार खळबळ न करता. मर्गॅन्झर नावाच्या बदकाची मादी दिसली तर डोकं विटकरी आणि मागे विस्कटलेला तुरा, चोच बारीक. ग्रीब म्हणजे आपल्या टिबुकलीच्या घराण्यातले, त्यांना शेपटी जवळजवळ नसतेच, मागून बघितलं की कापूस गुंडाळल्यासारखं. आणि उडताना तर सोपंच, लून एकसारखे पंख मारत राहतो, पाय मागे बाहेर आलेले, मान जरा खाली झुकलेली, पाठीला पोक आल्यासारखा. कॉर्मोरंट मधूनमधून पंख थांबवून तरंगतो.

हे सगळं ८ बाय ४२ मधून दोनशे मीटरपर्यंत आरामात दिसतं. चोचीची ठेवण तर त्याच्याही पुढे.

नंतर त्याच दिवशी खरे लून पण दिसले, एक दोन नाही, विखुरलेले बरेच. बाबांच्या खिशात कॅनडाचं एक डॉलरचं नाणं होतं, नवऱ्याने दिलेलं, ज्याच्यावर लूनचं चित्र आहे. १९८७ मध्ये आलं ते, आणि लोक त्याला लूनीच म्हणतात. बाबा एकदा नाण्याकडे बघायचे, एकदा दुर्बिणीतून. "चोच जुळली. बसणं जुळलं. माळ मात्र नाही." मग मी सांगितलं की माळ उतरवलीय थंडीची. तर म्हणे, "मग ठीक आहे, पास." मी दोन जाडजूड पुस्तकं घेतलीत पक्ष्यांची, आणि ह्यांचं काम चाललं एका नाण्यावर.

पुस्तकांवरून आठवलं. एक ब्रिटिश पुस्तक आहे माझ्याकडे, त्यात लून सापडेचना. तिकडे या सगळ्या कुळाला डायव्हर म्हणतात, आणि आपला कॉमन लून म्हणजे त्यांचा ग्रेट नॉर्दर्न डायव्हर. मी एक संध्याकाळ दोन वेगळे पक्षी समजून त्यांच्यातले फरक शोधत होते, काय काय फरक सापडलेही मला!

आता दुर्बिणीच्या तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे हा, कौतुक सोहळा नाही.

एक, डायॉप्टरची रिंग. उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा असतो त्यासाठी ती असते, आणि माझ्या दुर्बिणीत ती इतकी ढिली आहे की बॅगेतून काढली की सरकलेली असते. मग अर्धं चित्र धुरकट आणि मला वाटतं फोकस बिघडला. आता मी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, तो जुळवला की झालं. तुम्ही पहिल्यांदा लावताना डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने फोकस करा, मग डावा झाकून फक्त रिंगने उजव्याचा. बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं दुर्बीण वापरून हे केलेलं नसतं आणि मग म्हणतात क्वालिटी नाही.

दोन, पट्टा. दुर्बिणीचं वजन पाऊण किलोच्या आत आहे, पण तो पट्टा मानेत असा रुततो की दुपारपर्यंत डोकं धरतं. पंचवीस डॉलरचा खांद्यावरून येणारा हार्नेस घेतला, तो मूळ दुर्बिणीपेक्षा जास्त आवडला मला. तीन, पुढच्या भिंगाची झाकणं. एक तलावात आहे. दुसरं पण बहुधा तिथेच.

चार, आणि ही तक्रार म्हणण्यापेक्षा गैरसमज आहे. बॉक्सवर फॉगप्रूफ लिहिलेलं असतं, आतमध्ये नायट्रोजन भरलेला असतो म्हणून. ते खरं आहे पण फक्त आतल्या बाजूचं. बाहेरच्या काचेवर तुमचा श्वास थंडीत जमणारच, त्याला कंपनी काही करू शकत नाही. श्वास सोडताना तोंड खाली करायचं, आणि दुर्बीण कोटाच्या आत ठेवून गरम करायची नाही, बाहेरच थंड राहू द्यायची. चष्मेवाल्यांसाठी म्हणजे माझ्यासाठी, डोळ्यापासूनचं अंतर, ज्याला आय रिलीफ म्हणतात, ते माझ्या दुर्बिणीत १७ मिमी आहे आणि रबरी कप खाली फिरवले की चष्म्यासकट अख्खं गोल चित्र दिसतं. पंधराच्या खाली असेल तर चष्मेवाल्यांनी घेऊ नये असं माझं मत.

आणि सूर्य समोर असेल तर दोनशेची असो की दोन हजारची, सगळे पक्षी काळेच दिसणार. सकाळी पूर्वेकडच्या काठावर बसून पश्चिमेकडे बघा, एवढं साधं.

दुर्बिणीची हद्द कुठे संपते ते जानेवारीत कळलं. मैत्रिणीकडे बॉस्टनला गेलो होतो, तिथून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर केप ॲनला एक दिवस काढला. हिवाळ्यात तलाव गोठले की लून समुद्रावर येतात, आणि तिथे कॉमन लूनबरोबर रेड-थ्रोटेड लूनपण असतो, ज्याचा गळा हिवाळ्यात अजिबात लाल नसतो (नावं ठेवणारे लोक उन्हाळ्यातच काम करतात वाटतं). वारा असा की डोळ्यातून पाणी, लाटा, आणि लांबवर एक फिकट पक्षी चोच वर करून बसलेला. माझ्या डोक्यात लगेच बाबा: चोच वर म्हणजे पाणकावळा! पण नाही, हीच तर गंमत आहे, रेड-थ्रोटेडसुद्धा चोच जराशी वर धरतो. फक्त त्याची चोच बारीक आणि टोकदार, आकडा नाही, चेहरा आणि मानेची पुढची बाजू बरीच पांढरी, अंगाने कॉमन लूनपेक्षा लहान आणि सडपातळ. कॉमन लूनची मान हिवाळ्यात अशी कडा फाटल्यासारखी असते, काळं आणि पांढरं एकमेकात घुसलेलं, अर्धवट कॉलर असल्यासारखं.

हे मला माझ्या ८ बाय ४२ मधून "बहुतेक" इथपर्यंतच दिसलं. शेजारी एक आजोबा स्टँडवर स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लावून बसले होते, त्यांनी न विचारता बाजूला सरकून बघायला दिलं. तिथे पाठीवरचे बारीक पांढरे ठिपकेसुद्धा दिसले. त्यांनी ३० पॉवरवर ठेवला होता. मी हावरटासारखं ६० वर नेलं तर सगळा समुद्र उकळत्या दुधासारखा हलायला लागला, पाण्यावरची हवा हलते ना त्याने. आजोबा हसले आणि परत ३० वर आणलं. म्हणजे किनाऱ्यावरचे, हिवाळ्यातले, अर्ध्या किलोमीटरवरचे लून वेगळे करायचेत, किंवा पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक लून शोधायचाय, ज्याचं डोकं गोल आणि मानेवरची काळ्यापांढऱ्याची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ, तर स्कोप लागेल. तलावासाठी नाही लागत. मी अजून घेतलेला नाही, नवऱ्यासमोर विषय काढलाय फक्त.

एक कबुली, की निम्मी ओळख कानाने होते आणि त्याला दुर्बीण लागतच नाही. रात्री तलावावरून लांडग्यासारखा लांबच लांब आवाज येतो तो लून, एकमेकांना कुठे आहेस विचारणारा. वेड्यासारखं थरथरतं हसणं ऐकू येतं तोही लूनच, पण तो हसत नसतो, घाबरलेला असतो. आणि नराची एक वेगळी आरोळी असते, माझी हद्द आहे म्हणून सांगणारी. ते हसणं तुमच्या कयाकजवळ ऐकू आलं किंवा पक्षी पाण्यावर ताठ उभा राहून नाचल्यासारखं करायला लागला तर तुम्ही फार जवळ गेलायत, वल्हं उलटं मारा. यासाठीसुद्धा ८ पॉवर पुरते, गेल्या जुलैमध्ये लांब डॉकवर बसूनच मी आईच्या पाठीवर बसलेली दोन राखाडी पिल्लं बघितली, वीस मिनिटं, त्यांना पत्ताही नाही. (नवऱ्याला मासे धरायचा नाद आहे, त्याची शिशाची वजनं मी त्याच आठवड्यात काढून टाकली. लून खडे गिळतो पचनासाठी, त्यात शिसं गेलं की मरतो. आता टंगस्टनची आहेत, महाग आहेत, बोलू दे त्याला काय बोलायचंय ते.)

तर पाचपैकी सव्वाचार. पाऊण त्या रिंगेचा आणि झाकणांचा कापला. ज्यांना कारच्या खिडकीतून गरुड बघायचेत किंवा हात फार स्थिर आहेत त्यांनी १० बाय ४२ बघावी, वाईट नाही. घेताना दुकानाच्या दाराबाहेर जाऊन उडत्या कबुतराला दुर्बिणीत पकडून बघा, तीनदा प्रयत्न करून सापडलं नाही तर ती दुर्बीण ठेवून द्या.

१२ बाय ५० बाबा परत जाताना घेऊन गेले, गच्चीतून चंद्र बघायला. फोनवर सांगत होते की खड्डे मस्त दिसतात, आणि चंद्र बुडी मारत नाही.